चौकटीचे लाकूड मोजताना

धान्याच्या खोलीची चौकट करताना दाराच्या मोकळ्या मापाने लाकूड आणू नये. खाचेत बसणारी कूस आणि भिंतीत जाणारी टोकेही धरावीत.

मोकळे दार ६.५ × ३ फूट असल्यास उंबऱ्यासह चौकटीला ४ × २.५ इंची लाकडाचे ७ फुटी दोन उभे व ४ फुटी दोन आडवे तुकडे लागतात. एकूण २२ फूट. रुंदी व जाडीचे इंच आणि लांबीचे फूट गुणून १४४ ने भागावे : १.५३ घनफूट. मोकळ्या मापाने १.३२ च येते. तेवढ्यात कूस निघत नाही, सुतार नुसते खिळे ठोकतो. सांधा हलला की दार लोंबते, फटीतून उंदीर शिरतात. ओले लाकूडही नको; आटून कूस ढिली पडते. बिजागऱ्या तीन लावाव्यात.