गरम झाली की बंद पडणारी एमजीबी

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये राहतो. माझी १९७२ची एमजीबी अर्धा-पाऊण तास छान धावते, मग झटके देत बंद पडते. थंड झाली की मुकाट्याने सुरू होते. इग्निशन कॉइल तर नुकतीच नवी बसवली आहे. काय पाहू?

उत्तर : मला शंका त्या नव्या कॉइलचीच आहे. तुमच्या गाडीत बॅलास्ट रेझिस्टर नाही, त्यामुळे कॉइलला बॅटरीचे पूर्ण व्होल्ट मिळतात. तिला साधारण ३ ओहमची कॉइल लागते. पुढच्या रबर बंपरवाल्या गाड्यांना बॅलास्ट आहे, त्यांची दीड ओहमची. दिसायला दोघी जुळ्या बहिणी! दीड ओहमची तुमच्याकडे बसली असेल तर दुप्पट करंट ओढते, तापते आणि पॉइंट्सही जाळते. इग्निशन बंद करा, कॉइलच्या दोन्ही बारीक वायरी काढा आणि त्या दोन टोकांमध्ये मल्टिमीटरने मोजा. कॉइल कोमट लागणं ठीक. हात ठेववत नसेल तर नाही.

आकडा ३च्या आसपास आला तर आधी डिस्ट्रिब्युटरमधला कंडेन्सर बदला. गरम झाल्यावर दगा देणारा तो स्वस्त भाग, आणि बोल मात्र कॉइलला लागतो. हल्ली नवे कंडेन्सरही भरवशाचे नसतात, एखादा जादा जवळ ठेवा.

गाडी बंद पडल्या पडल्या, गार होण्याआधी, स्पार्क तपासा. ठिणगी जोरदार असेल तर इग्निशन सोडा आणि मागच्या एसयू पेट्रोल पंपाची टिकटिक येते का ते ऐका.