सणावारांची वाक्ये व इंग्रजी शब्दयोगी अव्यये

महाराष्ट्रात सन २००० पासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजीचे अध्यापन सुरू झाले. त्यामुळे मुरबाड-शहापूरकडील खेड्यातल्या लहान मुलासही आपल्या घरचा सण इंग्रजीत सांगण्याचा प्रसंग येतो. मूल उत्साहाने सांगते, 'अंकल कम्स टू दिवाली.' वर्ग हसतो, मूल खाली बसते आणि पुढच्या वेळी हात वर करीत नाही. वस्तुतः ही चूक आळसाची नव्हे. 'मामा ठाण्याला जातो' आणि 'मामा दिवाळीला येतो' या दोन्ही वाक्यांत 'ला' हा एकच प्रत्यय आहे. ठाण्याला 'टू', तर दिवाळीलाही 'टू', असा मुलाचा सरळ हिशेब असतो.

सप्तमीच्या 'ई' प्रत्ययाचेही तसेच. सकाळी, सोमवारी, रात्री ही तिन्ही रूपे मराठीत एकाच घडणीची आहेत. इंग्रजीत मात्र 'इन द मॉर्निंग', 'ऑन मंडे' व 'ॲट नाइट' अशी तीन निरनिराळी अव्यये लागतात. शिवाय मराठीत प्रत्यय व शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येते, इंग्रजीत ते नामाच्या आधी येते. म्हणून प्रत्ययास प्रतिशब्द न शोधता, प्रसंग कोणत्या प्रकारचा आहे हे पाहण्याची सवय मुलांस लावावी.

आरंभ जिल्ह्यातील परिचित घटनेने करता येईल. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी आगगाडी १८५३ साली, १६ एप्रिल रोजी, दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी सुटली. वर्षास 'इन', तारखेस 'ऑन' आणि घड्याळातील वेळेस 'ॲट' ही तीन अव्यये या एकाच वाक्यात मिळतात. त्यानंतर सणांकडे वळावे.

१. एकच दिवस असेल तर 'ऑन' : 'ऑन गुढी पाडवा', 'ऑन माय बर्थडे'. डोंबिवलीत १९९९ साली सुरू झालेली नववर्ष स्वागतयात्रा पाडव्याच्या सकाळी निघते. नुसत्या सकाळीस 'इन' लागत असले, तरी विशिष्ट दिवसाची सकाळ म्हटली की 'ऑन द मॉर्निंग ऑफ गुढी पाडवा' असेच होते.

२. सणाचा सबंध काळ असेल तर 'ॲट' : 'अंकल कम्स ॲट दिवाली'. हा प्रयोग रूढीने ठरलेला आहे. एकट्या लक्ष्मीपूजनाच्या दिवसास 'ऑन' योजावे. भारतात 'ऑन दिवाली' असेही सर्रास म्हटले जाते. ते चूक म्हणून खोडू नये.

३. महिना वा सुट्टी असेल तर 'इन' : 'इन श्रावण', 'इन द दिवाली व्हेकेशन'.

४. हेतू असेल तर 'फॉर' : 'दिवाळीला नवे कपडे घेतले' यात 'ला' म्हणजे 'साठी', म्हणून 'न्यू क्लोथ्स फॉर दिवाली'.

५. 'लास्ट', 'नेक्स्ट', 'धिस', 'एव्हरी' हे शब्द आले की अव्यय गळते : 'गेल्या दिवाळीला' म्हणजे केवळ 'लास्ट दिवाली'.

सर्वांत अधिक जपावयाचा शब्द 'पर्यंत'. 'प्रदर्शन १५ ऑगस्टपर्यंत खुले राहील' येथे क्रिया त्या दिवसापावेतो चालू राहते. इंग्रजीत 'टिल' येते. 'अर्ज १५ ऑगस्टपर्यंत द्यावा' येथे काम एकदाच, त्या दिवशी किंवा त्याआधी, करावयाचे असते. म्हणून 'बाय' येते. आजचा विद्यार्थी उद्या कल्याणच्या किंवा ठाण्याच्या महाविद्यालयात जाईल, तेथील सूचनाफलक वाचील. 'बाय' म्हणजे मुदत, हे न कळल्यास त्याची जागा जाऊ शकते. तेव्हा हा भेद केवळ गुणांपुरता नाही.

वर्गपाठासाठी भिंतीवरील दिनदर्शिका पुरेशी आहे. एका मुलाने दिनदर्शिकेतील एका चौकटीवर बोट ठेवावे. वर्गाने 'ऑन' म्हणावे. महिन्याच्या सबंध पानावर हात फिरवला की 'इन' म्हणावे. मग पुढील वाक्ये मुलांकडून पूर्ण करून घ्यावीत :

अ) महाशिवरात्रीला आम्ही अंबरनाथच्या जत्रेस जातो.
आ) मे महिन्यात शाळेस सुट्टी असते.
इ) आजीने वाढदिवसाला पाटी दिली.
ई) दर पाडव्याला आम्ही गुढी उभारतो.

उत्तरे : अ) सणास 'ऑन', जत्रेस 'टू', आ) 'इन', इ) वाढदिवसाची भेट या अर्थी 'फॉर', त्या दिवशी दिली या अर्थी 'ऑन', ई) अव्यय नाही.

तिसऱ्या वाक्यास दोन उत्तरे आहेत, हे मुलांस मुद्दाम सांगावे. तसेच मुलाच्या चुकलेल्या वाक्यावर रेघ ओढण्यापूर्वी तेच वाक्य त्याच्याकडून मराठीत म्हणवून घ्यावे. चूक कोठून आली हे बहुधा तेथेच उमगते, आणि मुलाचा वर गेलेला हातही खाली येत नाही.