आवडी आणि आचार

आचारप्रकरणाचे निरूपण ऐकताना वासनिकाच्या मनात एक शंका हटकून उठते. अटन, विजन, भिक्षा हा भिक्षुकाचा धर्म झाला. पण आषाढात दिवसभर बांधीत वाकून रोवणी करणाऱ्याने, वैशाखात तेंदूची पाने तोडून ७०-७० पानांची पुडकी बांधणाऱ्याने काय करावे? गोंडपिपरीच्या परिसरात ही शंका पुस्तकी नव्हे. रोवणीचे दिवस आले की माणूस पहाटे निघतो तो अंधार पडल्यावर घरी येतो. त्याला स्मरण उरते कोठे?

येथे प्रथम एक भेद ध्यानात ठेवावा. प्रपंचातील कर्म कितीही निष्ठेने केले तरी ते मोक्षाचे साधन होत नाही. कर्म हीच पूजा, असे आजकाल फार ऐकू येते. ते आपल्या शास्त्राचे मत नव्हे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न मानणाऱ्याने प्रपंचाला परमेश्वराच्या आसनावर बसवू नये. परंतु म्हणून काम कसेबसे उरकावे, असेही निघत नाही. ज्याला पऱ्हे नीट लावण्याचा कंटाळा, त्याचे चित्त नामस्मरणात स्थिर होणे कठीण. चित्त दोन्हीकडे एकच असते.

म्हाइंभटांचे उदाहरण पाहावे. शके १२०० च्या सुमारास रिद्धपुरी लीळाचरित्र सिद्ध झाले. सर्वज्ञांच्या उत्तरापंथे गमनानंतर, ज्याला जी लीळा ठाऊक होती त्याच्याकडे हा शास्त्री पंडित जात असे, ऐकत असे, भटोबासांकडून पारखून घेत असे. सांगणाऱ्यांत भेद आढळला तर तोही त्यांनी नोंदून ठेविला. प्रेम उदंड होते. पण प्रेमाच्या भरात पदरचे काही घातले नाही. आवडीला आचाराचा बांध कसा असतो, तो येथे दिसतो.

पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी धाडीत पोथ्या नष्ट झाल्या, असे परंपरा सांगते. तेव्हा हिराइसेच्या मुखातील पाठ कामी आला. हिराइसा एकपाठी होत्या खऱ्या. परंतु एकदा ऐकून धरलेले वर्षानुवर्षे टिकते ते आवर्तनाने. पोथी जाणार हे जाणून कोणी पाठ करीत नव्हते.

वासनिकाची चूक बहुधा उलट टोकाची असते. निरूपण ऐकून उत्साह येतो, आठ दिवस रात्री जागून वाचन होते, नवव्या दिवशी पोथी रुमालात बांधली जाते. त्यापेक्षा रोवणीच्या ओळीत हात चालू असता नाम चालावे, पुडक्यात ७० पाने सांगितली तर ७० च असावीत, आणि निजण्यापूर्वी एक लीळा वाचावी. रोवणी संपून बांधीत पाणी उभे राहिले की पोथीस वेळ सापडतो हे खरे. पण तोवर थांबलेल्याला गतवर्षी वाचन कोठपर्यंत आले होते हेच आठवत नाही.