कठड्याला चाक आदळलं, आता स्टिअरिंग थरथरतं

प्रश्न : वळताना पुढचं डावं चाक फुटपाथच्या कठड्यावर आदळलं. तेव्हापासून ताशी ८०च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. अलाइनमेंट करूनही फरक नाही. काय करावं?

उत्तर : अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, थरथर सहसा त्यामुळे येत नाही. रिम वाकली असेल, टायरच्या आतले धागे तुटले असतील किंवा बॅलन्सिंगचं वजन गळालं असेल. आधी टायरच्या दोन्ही बाजू नीट पाहा, आतलीसुद्धा. फुगवटा दिसला तर त्या टायरवर गाडी अजिबात चालवू नका, स्टेपनी लावा. फुगवटा नसेल तर चाक बॅलन्सिंग मशीनवर फिरवून रिम डगमगते का ते स्वतः पाहा. चाक निर्दोष निघालं तर लोअर आर्म, टाय रॉड, बेअरिंग आणि ड्राइव्ह शाफ्ट तपासून घ्या. तोवर महामार्गावर जाऊ नका.