हिरवे पान : उसाचा शक्तिसंचय

पीक आपले सर्व अन्न जमिनीतूनच घेते, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. वस्तुतः जमिनीतून पाणी व क्षार मिळतात. अन्न तयार करण्यास लागणारी शक्ती हिरवे पान सूर्यप्रकाशातून मिळविते.

पानातील हरितद्रव्य मुख्यतः तांबडा व निळा प्रकाश शोषून घेते. त्या शक्तीने पाण्याचे विघटन होऊन प्राणवायू बाहेर पडतो आणि शक्तीचा काही अंश ‘एटीपी’ व ‘एनएडीपीएच’ या संयुगांत साठतो. हरितकण प्रकाशात एटीपी तयार करतात, हे आर्नन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली दाखविले. हवेतील कर्बवायूपासून साखर बनविताना हीच साठविलेली शक्ती खर्ची पडते.

हरितद्रव्याच्या घडणीस नत्र व मॅग्नेशियम अवश्य लागतात. त्यांची उणीव पडल्यास पाने पिवळी पडतात व शक्तिसंचय मंदावतो.

वैरणीची टंचाई पडली की उभ्या उसाची हिरवी पाने काढून जनावरांना घातली जातात. त्यामुळे साखर बनविणारे साधनच नाहीसे होते व उसाचे वजन घटते. शेतकरी बंधूंनी वाळलेले पाचट तेवढे काढून सरीत पसरावे, हिरवी पाने राखावीत आणि वैरणीसाठी बांधावर संकरित नेपियर गवत लावावे.