अकीकाची मूठ : चाकूच्या निमित्ताने थोडं मटेरियल सायन्स

मित्रांनो, चाकू म्हटला की आपलं सगळं लक्ष पात्याकडे जातं. स्टील कुठलं, धार किती, वगैरे वगैरे. पण हातात येते ती मूठ! लाकडाची, प्लॅस्टिकची किंवा शिंगाची मूठ आपण पाहिलेली असते. दगडाची मूठ मात्र फार कमी लोकांनी पाहिली असेल. आणि मजा म्हणजे ही कला आपल्या शेजारच्याच राज्यात, गुजरातमधल्या खंभातला, शेकडो वर्षं चालू आहे. १६व्या शतकाच्या सुरुवातीला भारतात आलेल्या दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीज माणसाने तिथल्या अकीकाच्या मण्यांबरोबर तलवारींच्या आणि खंजिरांच्या मुठींचाही उल्लेख केला आहे.

दगड कुठून येतो?

अकीक म्हणजे आपल्या गारगोटीचाच भाऊ. दोघांचं केमिस्ट्री एकच, सिलिकॉन डायऑक्साइड. फक्त अकीकाचे स्फटिक इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. ज्या काळ्या पाषाणावर आपला महाराष्ट्र उभा आहे, त्याच लाव्हारसातल्या बुडबुड्यांच्या पोकळीत हा दगड थरावर थर साचून तयार झाला. म्हणून त्याच्यात त्या सुंदर रेषा दिसतात. खंभातला येणारा अकीक मुख्यतः भरुचजवळच्या रतनपूर भागातला. तो भट्टीत तापवला की त्यातल्या लोहाचं रूप बदलतं आणि पिवळट दगड लालभडक होतो.

कडक आहे, पण चिवट नाही

आता खरा प्रश्न. मोह्‌ज स्केलवर अकीक साडेसहा ते सातच्या आसपास येतो, म्हणजे साध्या स्टीलचा त्याच्यावर ओरखडासुद्धा उठत नाही. मग मूठ अमर व्हायला हवी ना? पण नाही. चाकू फरशीवर पडला की पात्याला काही होत नाही, मुठीचे मात्र दोन तुकडे! कारण हार्डनेस वेगळा आणि टफनेस वेगळा. दगड दाबला तर भरपूर सहन करतो, पण ताणला की लगेच तडकतो. मुघल कारागिरांना हे बरोबर कळलं होतं. त्यांच्या कितीतरी उंची खंजिरांच्या मुठी जेडच्या आहेत. जेड अकीकापेक्षा थोडा मऊच, पण त्याचे तंतू लोकरीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे तो सहज फुटत नाही.

म्हणून दगडाच्या मुठीचा पहिला नियम असा : भार स्टीलने घ्यायचा, दगडाने फक्त सोबत करायची.

मूठ कशी बसवतात?

सोपी पद्धत म्हणजे पात्याचं स्टील मुठीच्या टोकापर्यंत न्यायचं आणि दोन्ही बाजूंना दगडाच्या चकत्या चिकटवायच्या. स्टीलचा हा आतला भाग चांगला जाड हवा. तो वाकला तर काय होईल, हे एस.ओ.एम.च्या पहिल्या काही लेक्चर्समध्येच शिकवतात : न्यूट्रल ॲक्सिसपासून सगळ्यात लांब असलेल्या थराला सगळ्यात जास्त ताण. इथे सगळ्यात लांब आहे आपला बिचारा दगड!

चकती निवडताना ती ओली करून उजेडात धरावी. पृष्ठभाग सुकला तरी भेगेत पाणी राहतं आणि ती काळ्या रेषेसारखी दिसते. अशी चकती सरळ बाजूला ठेवावी.

लाकडी मुठीत रिव्हेट ठोकून बसवतात. दगडात ठोकाठोकी चालत नाही. गोल भोकाच्या काठावर ताण तिप्पट होतो हे गणित आपण पेपरात लिहितो, ते इथे डोळ्यांसमोर दिसतं. भोक पिनपेक्षा किंचित मोठं ठेवायचं आणि मधली फट इपॉक्सीने भरायची. भोक पाडायला डायमंड ड्रिल लागतं, तेही पाण्याखाली, हलक्या हाताने आणि दोन्ही बाजूंनी थोडं थोडं. एकाच बाजूने आरपार गेलं तर पलीकडची कपची उडते. खंभातचे कारागीर पारंपरिक पद्धतीत टोकाला हिऱ्याचे बारीक कण बसवलेली सळई धनुष्याच्या दोरीने फिरवून हेच काम करतात.

चिकटवायची बाजू पॉलिश करायची नाही, खरखरीत ठेवायची, म्हणजे पकड येते. स्टील ॲसिटोनने पुसायचं, सावकाश सुकणारं इपॉक्सी लावायचं आणि क्लॅम्प बेताचाच आवळायचा. जुने कारागीर इपॉक्सीऐवजी गरम लाख वापरत. त्यांचा फायदा असा की मूठ तापवली की पातं बदलता येई.

वजनाचाही हिशोब करून बघा. ११० बाय २५ बाय ६ मिलिमीटरच्या दोन चकत्या म्हणजे ३३ घनसेंटिमीटर. अकीकाची घनता २.६ धरली तर साधारण ८६ ग्रॅम. तेवढ्याच शिसवी लाकडाचे २५-२६ ग्रॅम. चाकूचा तोल हाताकडे सरकतो तो यामुळे.

शेवटी पॉलिश. सिलिकॉन कार्बाइडचे १२०, २२०, ४००, ६०० असे ग्रिट क्रमाने आणि मग नमद्यावर सिरियम ऑक्साइड. एक पायरी गाळली तर आधीचे ओरखडे चकाकीतून डोकावतात.

चकाकीची किंमत

इथपर्यंत वाचून कोणी वर्कशॉपच्या ग्राइंडरकडे निघाला असेल तर कृपया थांबा! सगळ्यात महत्त्वाचं अजून सांगायचंय.

अकीक कोरडा घासला की सिलिकाची बारीक धूळ उडते. त्यातले सगळ्यात घातक कण डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. ते फुप्फुसात खोलवर जातात, तिथे व्रण होतात आणि श्वास हळूहळू कमी होत जातो. हा सिलिकोसिस. यावर बरा करणारा उपाय नाही, आणि क्षयरोगाचा धोकाही वाढतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंभातच्या कामगारांची तपासणी केली, तेव्हा एमरीच्या चाकावर दगड घासणाऱ्यांमध्ये हा रोग मोठ्या प्रमाणावर आढळला. काम घरातच चालतं, म्हणून बायका-मुलं आणि शेजारीही त्याच हवेत श्वास घेतात. संस्थेने धूळ ओढून घेणारी यंत्रणाही बनवली. पण दिवसाच्या मजुरीवर पोट असलेल्या माणसाला असं यंत्र आणि त्याचं वीजबिल कसं परवडणार?

आपल्यासाठी नियम सरळ आहे. दगड कायम ओला ठेवून घासायचा, कणांसाठीचा मास्क लावायचा (तोंडाला रुमाल बांधणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक), आणि साठलेला गाळ सुकायच्या आत पाण्याने धुऊन काढायचा, झाडूने झाडायचा नाही. पाण्याने दगडही थंड राहतो, म्हणून तडकत नाही. एका पाण्याने मूठही वाचते आणि माणूसही.

तर मित्रांनो, संपूर्ण लेखाचं सार दोन वाक्यांत : दगडाला ताण देऊ नका, आणि धुळीला कोरडी राहू देऊ नका. पहिलं वाक्य आपल्या सिलॅबसमध्ये आहे. दुसरं कुठल्या पेपरात विचारत नाहीत, पण उद्या आपल्यापैकी कोणी मशीन डिझाइन करायला बसलं तर पाण्याचा नळ आणि धुळीचा पंखा ड्रॉइंगमध्ये आधी काढावा, किंमत नंतर बघावी.