गोणीत प्याला सापडला, पुढे काय?

शास्त्रपाठ: उत्पत्ती 44

मिसर देशातून धान्य घेऊन निघालेल्या भावांना योसेफाच्या कारभाऱ्याने वाटेत गाठले. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत सर्वांच्या गोण्या तपासल्या आणि रुप्याचा प्याला बन्यामीनच्या गोणीत निघाला. वस्तू सापडली म्हणजे चोर सापडला, असे कोणालाही वाटले असते. पण प्याला बन्यामीनने घेतलाच नव्हता. योसेफाच्या सांगण्यावरून त्या कारभाऱ्यानेच तो गोणीत ठेवला होता.

भिवंडीजवळच्या वळ परिसरात मी पाड्यांवरच्या कुटुंबांमध्ये काम करतो. इथली अनेक मुले गोदामांत माल चढवायला-उतरवायला जातात. गेल्या पावसाळ्यात एका गोदामात काही बॉक्स कमी भरले. त्या पाळीतल्या दोन कातकरी मुलांना ठेकेदाराने सांगितले, "उद्यापासून येऊ नका." आठ दिवसांनी ते बॉक्स शेजारच्या गाळ्यात चुकून उतरवलेले सापडले. मुलांना मात्र कोणी परत बोलावले नाही. 'चोर' हे नाव पाड्यावर राहून गेले.

चोरी होतच नाही, असे मी म्हणत नाही. मालकाचे नुकसान खरे असते आणि अपराध्याला पाठीशी घालणे हा धर्म नव्हे. म्हणूनच संशय आल्यावर काय करावे, हे आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत त्यांनी आधीच ठरवून ठेवावे.

1. आधी हिशेब तपासा. चलान, गेटपास, आवक-जावक आणि प्रत्यक्ष मोजणी जुळवून पाहा. हमालाच्या हातात फक्त खोके असते. खोटी नोंद किंवा खोटी हजेरी लावायला वही हातात असावी लागते. संशय मात्र पहिला हमालावरच जातो.

2. पुरावा जपा, बोभाटा करू नका. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांनी पुसले जाते, म्हणून त्याची प्रत लगेच काढा. चौकशी संपेपर्यंत नाव दोन-तीन जबाबदार माणसांपुरतेच ठेवा.

3. लेखी विचारा आणि ऐकून घ्या. कोणता माल, कोणता दिवस, काय आरोप, हे त्याला कळेल अशा भाषेत वाचून दाखवा. उत्तर द्यायला वेळ द्या, सोबत एक सहकारी असू द्या. ज्याने आरोप केला त्यानेच निवाडा करू नये.

4. निलंबन ही शिक्षा नव्हे. त्या काळात पोट चालले पाहिजे. कोलारच्या सोन्याच्या खाणीतील एका सुरक्षा अधिकाऱ्याच्या घरी 1985 मध्ये सोने सापडल्याचा आरोप झाला. निलंबनात त्याला निर्वाहभत्ता मिळाला नाही. पैशाअभावी तो चौकशीला येऊ शकला नाही आणि त्याच्या गैरहजेरीत त्याला बडतर्फ केले गेले. पुढे फौजदारी न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. तरी सर्वोच्च न्यायालयाने नोकरी परत देईपर्यंत 1999 साल उजाडले.

5. पगार परस्पर कापू नका. कामगाराला म्हणणे मांडायची संधी दिल्याशिवाय नुकसानीपोटी मजुरी कापता येत नाही, आणि कापली तरी नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही. केलेल्या दिवसांची मजुरी ही त्याची आहे.

6. मारू नका, कोंडू नका, कोऱ्या कागदावर अंगठा घेऊ नका. धाक दाखवून घेतलेली कबुली सत्य सांगत नाही, आणि मारहाण व कोंडून ठेवणे हे स्वतःच गुन्हे आहेत. गुन्हा घडला असे कागदावरून दिसले तर पोलिसांत तक्रार द्या.

ठेकेदारामार्फत माणूस आला म्हणून ही जबाबदारी टळत नाही. "तो माणूस बदलून द्या" या एका वाक्यात चौकशीही बुडते आणि खरा चोर असेल तर तोही सुटतो. आरोप खोटा ठरला तर ज्यांच्यासमोर नाव घेतले, त्यांच्यासमोरच ते धुऊन द्यावे आणि माणसाला कामावर परत घ्यावे.

बन्यामीनसाठी यहूदा पुढे आला आणि त्याच्याऐवजी स्वतः गुलाम राहायला तयार झाला. पाड्यावरच्या मुलासाठी ठेकेदाराच्या दारात बहुधा कोणी उभे नसते. तिथे आपण उभे राहू शकतो.

चर्चेसाठी प्रश्न

1. बन्यामीनच्या गोणीत प्याला सापडला, यावरून नेमके काय सिद्ध झाले होते?
2. आपल्या घरी किंवा दुकानात काही हरवले तर पहिला संशय कोणावर जातो, आणि का?
3. आपल्या मंडळीतील कोण एखाद्या कामगारासोबत चौकशीला बसू शकेल?